पोस्टकार्डावरची परिकल्पना

सर,

परवा मी एका विद्यार्थिनीला "बदलून टाका" असं म्हणालो. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्यासमोर प्रस्तावना लांबवली की तुम्ही चष्म्यावरून नुसतं बघायचात आणि मूळ मुद्दा आपोआप तोंडातून गळून पडायचा. ती रेणापूरकडची प्राथमिक शिक्षिका आहे, नोकरी सांभाळून एम.एड. करते, आणि मी तिचा मार्गदर्शक आहे. हो, मी. हसून घ्या. चौथीच्या मुलांना मणी, काड्या, तक्ते असं साहित्य घेऊन शिकवलं तर गणित जास्त येतं, अशी परिकल्पना तिनं अभ्यासाआधी मांडली होती. अभ्यास झाला आणि निघालं उलटंच. ज्या वर्गात नुसता खडू-फळा होता तिथलीच मुलं पुढं. प्रबंध सोमवारी जमा करायचा आहे. ती माझ्या टेबलापुढं उभी राहून विचारत होती, "सर, आता काय करू?" समोर आणखी सहा प्रबंधांचा ढीग होता, वीज गेलेली होती, आणि मी म्हणालो, "परिकल्पनाच बदलून टाका. आधीपासून अशीच होती असं लिहा. कोण बघतंय?" ती "बरं सर" म्हणाली आणि गेली. आज रविवार. उद्या मी सही केली की ते खोटं काळ्या पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत कायमचं बांधलं जाईल. आणि कोण बघतंय या प्रश्नाचं उत्तर, तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली तरी, मला कालपासून मिळतंय.

मी तुमच्याकडं एम.एड. करायला आलो तेव्हा लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. ऑफिसांच्या पाट्यांचा रंग नवा, आतली कपाटं भाड्याच्या खोल्यांत, आणि लोक "आमचा जिल्हा" हे दोन शब्द नव्या सुनेचं नाव घ्यावं तसे कौतुकानं घ्यायचे. पाऊस मात्र जुनाच होता, म्हणजे नव्हता. मी नांदेडचा, गोदावरीकाठच्या पाठशाळेत न्यायशास्त्र घोकून आलेला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं विस्तव आहे, एवढं एक अनुमान बारा प्रकारे मांडता येत होतं. अशा तयारीचा माणूस संशोधनाला घाबरत नाही. मी तुमच्या टेबलावर विषयाचा कागद ठेवला: मराठवाड्यातील दुष्काळाचा शिक्षणावर होणारा सर्वांगीण परिणाम, एक चिकित्सक अभ्यास. तुम्ही तो वाचलात, उलटा करून मागं काही आहे का पाहिलंत आणि म्हणालात, "पंडित, हे शीर्षक हाय का अध्यक्षीय भाषण?"

त्या दिवसापासून मी तुमचा "पंडित" झालो. तुमचं बालपण उदगीरचं, घरात कानडी, शाळा निजामाच्या काळातली म्हणून सगळं शिक्षण उर्दूतून, आणि शिकवायचं मराठीत. त्यामुळं तुम्ही आकडे उर्दूत मोजायचात, रागवायचात मराठीत, आणि काकूंपुढं हरलात की कानडीत पुटपुटायचात. संशोधनाच्या प्रश्नाला तुम्ही 'सवाल' म्हणायचात. "सवाल लहान कर," एवढं एकच वाक्य तुम्ही मला दीड महिना ऐकवलंत. कुणाचं शिक्षण? कोणत्या गावात? परिणाम म्हंजे काय, आन् तो मोजणार कशानं, पट्टीनं का पायलीनं? दर आठवड्याला मी कागद नेई आणि दर आठवड्याला त्यातला एक भारदस्त शब्द तुमच्या निळ्या पेन्सिलीखाली जाई. 'सर्वांगीण' गेला, 'चिकित्सक' गेला. 'मराठवाड्यातील' गेला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. शेवटी उरलं ते असं: ज्या गावात पाण्याची टंचाई जास्त, तिथं चौथी ते सातवीच्या मुली शाळेत कमी दिवस येतात का? मला ते फारच किरकोळ वाटलं. हे तर पाणी भरणारी बाईसुद्धा विचारील, मी म्हणालो. तुम्ही खूश झालात. "मग बराबर हाय. आता ह्याला कुणी न्हाईबी म्हणू शकतंय. ज्याला न्हाई म्हणता येत न्हाई तो सवाल न्हवं, ती आरती हाय."

संशोधनातला 'चल' म्हणजे काय हे मी तुमच्या वर्गात शिकलो नाही, स्वयंपाकघरात शिकलो. तुमच्या घरी विद्यार्थी आला की त्याला थेट आत पाटावर बसवायची पद्धत. बाहेरच्या खोलीत पुस्तकं राहत, त्यांना उठवायचं जिवावर येई. काकू भाकरी थापत होत्या आणि ती काठाला चिरत होती. तुम्ही लगेच सुरू. "बोल पंडित, भाकरी का चिरली?" मी म्हणालो, पीठ जुनं असेल. पाणी गार असेल. ज्वारी रेशनची आहे. हात... आणि काकूंकडं बघून थांबलो. "थांबू नकूस," काकू म्हणाल्या, "हात बी लिही. सासूनं तीस वर्षं तेच लिहिलंय." तुमचं म्हणणं एवढंच होतं की चारही गोष्टी एकदम बदलल्या आणि भाकरी सुधारली, तर कशानं सुधारली ते देवालाही सांगता येणार नाही. एक बदलायची, बाकीच्या जागेवर धरून ठेवायच्या. जे आपण बदलून बघतो तो स्वाश्रयी चल. त्याच्यापायी जे बदलतं, म्हणजे ही भाकरी, तो आश्रयी चल. हे तुम्ही हवेत बोटं फिरवून समजावत होतात, तोवर काकूंनी तेच पीठ, त्याच परातीत, उकळत्या पाण्यानं मळलं आणि अखंड भाकरी माझ्या ताटात टाकली. "पिठाची विरी गेल्ती, चिकटंना झाल्तं," त्या म्हणाल्या. "आता जेव, मग कारणं शोध." मी अजून परिकल्पना मांडतच होतो.

आणि तुमची ती पोस्टकार्डाची पद्धत. दुसऱ्या कुठल्या मार्गदर्शकाकडं मी ती पाहिली नाही. गावात माहिती गोळा करायला पाऊल टाकण्याआधी प्रत्येकानं आपली परिकल्पना पोस्टकार्डावर शाईनं लिहायची आणि तुमच्या घरच्या पत्त्यावर टपालानं पाठवायची. हातात दिलेली चालायची नाही. "माणसावर भरवसा हाय माझा," तुम्ही म्हणायचात, "पण टपालाच्या शिक्क्यावर जरा जास्त हाय." कार्ड आलं की काकू ते खुंटीच्या तारेला अडकवत, विजेच्या बिलांच्या शेजारी. तुम्ही वाचायचा नाहीत, काकू मात्र सगळी वाचत. माझं वाचून त्या म्हणाल्या होत्या, "एवढं समदं एका कार्डावर मावतंय, तर मग पुस्तक कशाला लिहून राहिलास?" कार्डावर मी लिहिलं होतं: पाणीटंचाई जितकी जास्त, मुलींची शाळेतली हजेरी तितकी कमी. मला यात तिळमात्र शंका नव्हती. तुम्ही पुष्कळदा सांगितलं होतं की गृहीतक वेगळं आणि परिकल्पना वेगळी. गृहीतकावर आपण उभं राहतो, परिकल्पनेला उभं करून तपासतो. मी माझ्या परिकल्पनेवरच बस्तान ठोकून बसलो होतो.

माहिती गोळा करायलाच हिवाळा गेला. टंचाईच्या गावांची यादी मागायला एका ऑफिसात गेलो तर तिथला कारकून म्हणाला, जुनं दप्तर अजून जुन्या जिल्ह्यात हाय. तिकडं गेलो तर तिकडचा म्हणाला, "तुमचा जिल्हा तुम्ही घेऊन गेलाव की, दप्तर बी नेलं असंल." तुम्हाला सांगितलं तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "म्हंजे यादी दोन्ही जिल्ह्यांच्या मधी, मुरूडच्या आसपास कुठंतरी बसमदी असंल. तू सायकल काढ." मग औशाच्या पलीकडची बारा गावं मी सायकलवर केली, शाळेशाळेतल्या हजेरीपटावरून मुलींचे दिवस मोजले, विहिरींत डोकावलो. आणि सगळं जुळवायला बसलो तेव्हा दिसलं की चार गावांत, जिथं विहिरी पार आटून टँकर सुरू झाला होता, तिथंच मुलींची हजेरी सगळ्यांत जास्त. पुन्हा मोजलं. तेच. मला वाटलं वर्ष गेलं. शाळेतल्या नोकरीतून बिनपगारी रजा घेऊन आलो होतो, घरी आईला सांगून आलो होतो की मे महिन्यात पदवी घेऊनच येतो. मग मी तेच केलं जे परवा त्या पोरीला सांगितलं. परिकल्पना उलटी केली. टंचाई वाढते तशी विद्येची ओढ वाढते, असं लिहिलं, आणि संकटात मनुष्य ज्ञानाकडे कसा वळतो यावर दोन पानं इतकी देखणी उतरली की मला स्वतःलाच पटली.

ती पानं घेऊन मी तुमच्याकडं येतो. तुम्ही पाटावर बसून शेंगा फोडताय. पानं वाचता, अगदी सावकाश, पुन्हा वाचता. "लई सुंदर," तुम्ही म्हणता. "इतकं सुंदर खोटं मी अजून वाचलं न्हवतं." मग स्वयंपाकघराकडं तोंड करून, "अगं, पंडिताचं कार्ड आण." काकू कार्ड आणतात, माझ्याकडं न बघता माझ्या हातात देतात, आणि चुलीपुढं जाऊन विनाकारण फुंकायला लागतात. तुम्ही म्हणता, "वाच. मोठ्यानं." मी माझंच अक्षर वाचून दाखवतो. एवढं एक वाक्य, सर, पण आजपर्यंत त्याहून लांब काही मी वाचलेलं नाही. मला वाटलं होतं तुम्ही हाकलून द्याल. तुम्ही शेंगांची टरफलं गोळा केलीत आणि म्हणालात, "तू गलत ठरलास हे मला कळलं. का ठरलास, ते तुलाबी न्हाई कळलं, मलाबी न्हाई. आता कुठं काम चालू झालं, तर तू दुकान बंद करून राहिलास? सकाळी सातच्या बसला ये."

बसला तुम्ही छत्री घेऊन आलात. त्या दुष्काळात लातूरमध्ये छत्री बाळगणारा दुसरा माणूस नसावा. मी विचारलं तर म्हणालात, "पाऊस येणार न्हाई ही तुझी परिकल्पना. माझी अजून तपासायची हाय." त्या चार गावांतल्या एका गावी उतरलो. शाळेच्या मैदानात सिमेंटचा हौद होता आणि हौदापासून थेट फाटकापर्यंत घागरींची रांग, प्रत्येकीपुढं खुणेचा दगड. मी हे आधीही पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि वहीत टिपलंसुद्धा नव्हतं, कारण माझ्या तक्त्यात घागरींना रकाना नव्हता. गावात तेवढा एकच हौद. टँकर तिथंच रिकामा व्हायचा, आणि तो कधी येईल याचा नेम नाही. म्हणून घरची माणसं मुलींना घागर घेऊन सकाळपासून शाळेत पाठवत. घागर रांगेत, मुलगी वर्गात, गुरुजी हजेरी मांडत. टँकरचा भोंगा ऐकू आला की वर्ग रिकामा.

तुम्ही हौदाच्या कठड्यावर टेकलात आणि शेजारच्या मुलीला, ती पाचवीतली असेल, विचारलंत, "पाढे किती येतात गं?"

"सोळापर्यंत."

"सतराचा न्हाई शिकवला?"

"चालू होता की. तेवढ्यात टँकर आलं."

"मग?"

"मग अठराचा चालू झाला."

तिनं हे कुठल्याच तक्रारीशिवाय सांगितलं, बस चुकली की दुसरी येते तसं. मग माझ्या वहीकडं बोट करून तुम्हाला विचारलं, "हे मास्तर मागल्या महिन्यात बी मोजून गेल्ते. मोजलं की टँकर रोज येतंय का?" तुम्ही छत्री मांडीवर आडवी घेतलीत. मग म्हणालात, "न्हाई बेटा. आधी ह्यांनी बराबर मोजायला पायजे." मला वाटतं मला मिळालेली सगळ्यांत सौम्य आणि सगळ्यांत जबर बोलणी ती होती, आणि ती माझ्याशी बोललेलीसुद्धा नव्हती.

परतीच्या बसमध्ये तुम्ही एवढंच म्हणालात, "हजेरी मोजलीस. शाळा न्हाई मोजलीस." आणि तेव्हा मला पाठशाळेतलं ओलं सरपण आठवलं. आमच्या शास्त्रात सांगितलंय की विस्तव आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात विस्तव असतो, धूर नसतो. धूर येतो तो सरपण ओलं असलं तर. या मधल्या, लपून बसलेल्या अटीला उपाधी म्हणतात. मी ती व्याख्या झोपेत म्हणू शकत होतो. आणि हौदावर ती घागर घेऊन माझ्यासमोर उभी होती, तर ओळखली नाही. मी हे तुम्हाला सांगितलं, जरा शरमूनच. तुम्ही मला थांबवलंत, खिशातून छोटी वही काढलीत आणि म्हणालात, "पुन्यांदा सांग. सावकाश." हलत्या बसमध्ये, उजवीकडून डावीकडं, उर्दू लिपीत तुम्ही न्यायशास्त्रातली उपाधी लिहून घेत होतात, आणि मधेच मान वर करून विद्यार्थ्यासारखं विचारत होतात, "ओलं सरपण म्हंजे इथं टँकर, का हौद शाळेत असणं?" मी म्हणालो, हौद शाळेत असणं. "शाबास," तुम्ही म्हणालात. पुढच्या वर्षी तुम्ही हे वर्गात शिकवलंत आणि दर वेळी सांगितलंत की हे आमच्या पंडितानं सांगितलं, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी स्वतः इतक्या वर्षांत कुणा विद्यार्थ्याचं नाव घेऊन काही शिकवलंय का, हे आठवून पाहिलं. जाऊ द्या.

प्रबंधात कार्डावरचीच परिकल्पना राहिली, आणि तिच्याखाली, माझ्याच हातानं, 'त्याज्य' हा शब्द. हजेरी आणि प्रत्यक्ष वर्गात बसलेला वेळ हे दोन वेगळे चल धरून मी एप्रिलच्या उन्हात ती बारा गावं पुन्हा केली; टँकरच्या उरलेल्या तिन्ही गावांतही हौद शाळेतच निघाला. मे महिन्यात पदवी मिळाली नाही. आईला दिवाळीचं सांगावं लागलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, म्हणजे तुमच्या संशोधनातून सिद्ध काहीच झालं नाही? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "सिद्ध न्हाई झालं साहेब. दिसलं." त्यांना ते आवडलं नसावं. मला दुसरा वर्ग मिळाला. माझ्या सोबत्याच्या पाचही परिकल्पना खऱ्या निघाल्या होत्या, त्याला पहिला. तुम्ही त्यालाही पेढा भरवलात आणि कानात म्हणालात, "नशीबवान हाईस बाबा, देवाच्याबी इतक्या निघत न्हाईत."

एवढं लिहिलं आणि मी उठून त्या शिक्षिकेला फोन लावला. दोनदा तिनं उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मागं कुकरची शिट्टी आणि एका लहान मुलाचं रडणं. मी म्हणालो, "बाई, ते परवाचं मी सांगितलेलं, ते करू नका. परिकल्पना होती तशीच राहू द्या. जमा करायला उशीर झाला तर मुदतीचं मी बघतो." पलीकडं तिनं आधी पोराला चुचकारलं. मग म्हणाली, "सर, रागावू नका. मी बदललंच न्हाई."

"न्हाई?" माझीही भाषा तेवढ्यात औशाच्या पलीकडं गेली.

"न्हाई सर. तिथून गेले ती दुसऱ्या दिवशी त्या खडू-फळ्याच्या वर्गात जाऊन बसले, शाळा सुटंपर्यंत. तिथले गुरुजी म्हातारे हाईत, साहित्य-बिहित्य काही न्हाई. पण लेकराचं गणित चुकलं की ते खोडत न्हाईत. 'कसं केलंस ते सांग' म्हणतात, आन् लेकरू सांगता सांगता स्वतःच थांबतंय. आमच्या वर्गात आम्ही मणी दिले, पण विचारलं कुणीच न्हाई. मी तेच लिहिलंय शेवटच्या प्रकरणात. तुमची सही मागायचीच हिंमत होत न्हवती, म्हणून फोन उचलत न्हवते."

उद्या दहाला ती येईल. मी सही करीन, आणि परवाचं माझं वाक्य विसरा असं म्हणणार नाही. तिनं ते विसरू नये, पुढं तीही कुणाची तरी मार्गदर्शक होईल. हे पत्र टाकायचं म्हटलं तरी तुमच्या घराच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, आणि काकूही तुमच्या मागोमाग गेल्या. तेव्हा ते इथंच वहीत राहील, आणि म्हणूनच त्यात आणखी एक गोष्ट लिहायला हरकत नाही. तिनं "बदललंच न्हाई" म्हटलं, तेव्हा मला आनंद झाला, सर, पण तो दुसरा. पहिला आला तो राग, की माझं ऐकलं कसं नाही. तिला "शाबास" म्हणालो ते त्या रागातच म्हणालो. आवाजावरून तिला कळलं नसावं.